मोठ्या शहरातला फुटबॉल क्लब लहान शहरात हलवावा का?

आपला प्रश्न असा आहे: मोठ्या शहरात क्लबला प्रेक्षक मिळत नाहीत, मैदानाचे भाडे झेपत नाही, आणि त्याच वेळी एखादे लहान शहर मैदान, सवलती आणि गर्दी तिन्ही देऊ करत आहे, अशा वेळी क्लबने बिऱ्हाड उचलून तिकडे जावे का? त्याला जोडून आपण हेही विचारले आहे की, पुण्यामुंबईत व्यावसायिक फुटबॉल वारंवार कोलमडला असेल, तर एखादा क्लब सरळ कोल्हापुरात का नेऊ नये. मी गेली बावीस वर्षे क्लबांच्या कार्यालयीन बाजूला काम करतो. संघ कसा खेळवायचा हे प्रशिक्षकाचे काम; माझ्या वाट्याला मैदानाचे करार, परवान्याची कागदपत्रे, तिकिटे, पोलीस बंदोबस्त, बाहेरगावचे प्रवास आणि महिनाअखेरची पगारपत्रके आली. पुढचे उत्तर त्या टेबलावरून दिलेले आहे, आणि अशाच एका स्थलांतराच्या बोलण्यांत मी स्वतः बसलेलो असल्यामुळे त्यात कुठे कडवटपणा उतरला तर तो समजून घ्यावा.

माझे मत आधीच सांगतो. शहर लहान आहे एवढ्या कारणाने नकार देऊ नये; पण क्लब हलवता येतो हा समजच मुळात चुकीचा आहे. हलतो तो लीगमधल्या जागेचा हक्क, त्याच्यासोबत करार शिल्लक असलेले खेळाडू, आणि कर्ज. सामन्याच्या दिवशी घराबाहेर पडण्याची लोकांची सवय, बापाने मुलाला पहिल्यांदा दाखवलेली गॅलरी, शाळाशाळांतून फिरून मुले हेरणारा माणूस, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हौसेने लावलेला फलक, यांतले काहीही ट्रकमध्ये भरता येत नाही. म्हणून ‘जावे का’ हा प्रश्न मी मालकांपुढे नेहमी बदलून ठेवतो: त्या लहान शहरात आज शून्यातून नवा क्लब काढायला, आणि पहिली सात-आठ वर्षे तोटा सोसायला आपण तयार आहात का? उत्तर ‘हो’ असेल तर लीगमधली तयार जागा ही आयती मिळालेली सोय आहे. उत्तर ‘नाही’ असेल, आणि तरीही जायचेच असेल, तर कारण फुटबॉलबाहेर कुठेतरी आहे, आणि ते कारण आधी शोधावे.

आपल्याकडे याची दोन उदाहरणे २०१९ च्या ऑगस्टअखेरीस, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने घडली. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. याच पुणे सिटीने २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरी गाठली होती. म्हणजे मैदानावर दिवाळखोरी नव्हती, ती मालकाच्या घरात होती. त्याच सुमारास दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळणारा दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. पहिल्या प्रकरणात एका महानगरातून दुसऱ्या महानगरात जागा गेली. दुसरे प्रकरण मात्र आपल्या प्रश्नाशी तंतोतंत जुळते, कारण राजधानी सोडून २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्याही आत असलेल्या शहरात क्लब गेला.

पुण्याच्या वाचकांना यातली एक गंमत आठवत असेल. भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम सतरा वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकासाठी सज्ज केले जात असल्यामुळे ओडिशा एफसीने २०१९-२० च्या हंगामातले सुरुवातीचे ‘घरचे’ सामने बालेवाडीत खेळले. ज्या शहराचा स्वतःचा क्लब तीन महिन्यांपूर्वी संपला होता, त्या शहरात दुसऱ्याचा क्लब पाहुणा म्हणून घरचा सामना खेळत होता. नारिंगी जर्सी घालून पुणे सिटीसाठी ओरडणारी पोरे त्या सामन्यांना का आली नाहीत, असे मला तेव्हा एका अधिकाऱ्याने खरोखरच विचारले होते. मैदान तेच, गवत तेच, लीग तीच. मग अडचण काय, असा त्यांचा सूर होता.

दिल्ली-ओडिशा व्यवहार मात्र मला आजही बऱ्यापैकी शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचे कारण गर्दी नव्हे. ओडिशा सरकार २०१८ पासून राष्ट्रीय हॉकी संघांचे प्रायोजक होते, त्या वर्षीचा पुरुष हॉकी विश्वचषक भुवनेश्वरला झाला होता, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी फुटबॉलचा सुपर कपही कलिंगवरच खेळला गेला होता. म्हणजे मैदान कागदावर नव्हते. त्यावर मोठे सामने झाले होते, प्रसारणाच्या गाड्या कुठे लावायच्या आणि पाहुण्या संघाची बस कुठल्या फाटकातून आत घ्यायची हे ठरलेले होते. ज्याने कधी नव्या मैदानावर पहिला सामना घेतला आहे, त्याला याची किंमत विचारा. पुढे क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ओडिशाने २०२३ चा सुपर कप जिंकला. मग क्लबने आशियाई स्पर्धेत खेळून बादफेरी गाठली आणि २०२३-२४ च्या हंगामात लीगची उपांत्य फेरी खेळली. उपांत्य फेरी दिल्लीतही गाठली होती, पण पाच वर्षांत चषक एकही आला नाही; तो तिथे आला.

तरीही २०२५ मध्ये याच ओडिशाने खेळाडूंचे करार स्थगित केले, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यात २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार संपत आला होता आणि पुढचा हंगाम होणार की नाही हेच ठरत नव्हते. घर कुठेही बांधा, छप्पर लीगचे असते. स्थलांतराच्या सादरीकरणात या गोष्टीसाठी एक ओळही नसते.

हैदराबादची कथा वेगळी आणि जास्त बोलकी आहे. हैदराबाद हे काही फुटबॉलला परके शहर नव्हे. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तिथलेच. पण ती परंपरा जुन्या पिढीच्या आठवणीत होती, सामन्याला जाण्याच्या सवयीत राहिली नव्हती. नवा क्लब रुजायच्या आतच करोना आला, २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्ण गोव्यात खेळवले गेले, आणि मार्च २०२२ मध्ये हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून फातोर्ड्यात लीगचा चषक जिंकला. घरापासून शेकडो किलोमीटर दूर जिंकलेला तो चषक घरी फुटबॉलची सवय लावू शकला नाही. दोनच वर्षांत थकलेल्या पगारांमुळे खेळाडू पांगले, मालकी बदलली, आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. पुण्यातून निघालेला हक्क सहा वर्षांत हैदराबादमार्गे त्याच दिल्लीत पोहोचला, जी दिल्ली डायनामोजने ‘इथे जमत नाही’ म्हणून सोडली होती. एकदा उठवलेले बिऱ्हाड पुन्हा उठवणे फार सोपे जाते, कारण दुसऱ्यांदा कोणी रस्त्यावर उतरत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र उतरले. विम्बल्डन एफसी हा १८८९ चा क्लब. १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. १९९१ मध्ये त्याने आपले प्लाऊ लेन मैदान सोडले आणि क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहू लागला. त्या काळात डब्लिनला जाण्याचीही चर्चा झाली होती. शेवटी मे २००२ मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात जायला परवानगी दिली. या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तपशील असा की, तिथल्या स्टेडियमचा खर्च एका मोठ्या सुपरमार्केट कंपनीच्या आणि एका फर्निचर कंपनीच्या दुकानांसह आखलेल्या विकासातून निघणार होता. त्या दुकानांना परवानगी मिळावी यासाठी स्टेडियम हवे होते, आणि स्टेडियमला कारण म्हणून वरच्या स्तरावर खेळणारा क्लब हवा होता. आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेत दोन वर्षे काढलेल्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

समर्थकांनी काय केले, तर निकालानंतर काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या स्तरावरून सुरुवात केली. २०११ मध्ये ते देशाच्या वरच्या चार स्तरांत आले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानाच्या जवळच बांधलेल्या नव्या मैदानात परतले. इकडे जुना क्लब निघून जाण्याआधीच्या शेवटच्या हंगामात त्याचे प्रेक्षक सरासरी तीन हजारांच्याही खाली घसरले होते आणि २००३ मध्ये दिवाळखोरीमुळे त्याचा कारभार प्रशासकाकडे गेला. नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झालेल्या त्या क्लबने पुढे जुन्या क्लबचे चषक आणि स्मृतिचिन्हे लंडनच्या मर्टन भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे परत दिली. हक्क गेला तिकडे आणि इतिहास राहिला इकडे. डॉन्सना तीस हजार आसनांचे सुंदर स्टेडियम मिळाले, आणि कित्येक वर्षे ते भरण्याइतकी माणसे मात्र सहसा मिळाली नाहीत.

लहान शहराच्या दृष्टीने विम्बल्डनपेक्षा स्कॉटलंडचे उदाहरण अधिक उपयोगी आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. एडिंबरा शहरात हार्ट्स आणि हिबर्नियन या दोन मोठ्या क्लबांच्या सावलीत मेडोबँक थिसल नावाचा तिसरा क्लब होता. मूळ एका कारखान्याचा संघ, १९७४ मध्ये लीगमध्ये घेतलेला, अॅथलेटिक्ससाठी बांधलेल्या स्टेडियमवर खेळणारा, प्रेक्षक शेकड्यांत मोजण्याइतके. १९९५ मध्ये तो पंचवीस-तीस किलोमीटर पश्चिमेला लिव्हिंगस्टन या नव्या वसाहतीच्या गावात गेला. तेथली लोकसंख्या तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे ठिकाण. जुन्या मूठभर समर्थकांनी जोरदार विरोध केला, पण मेडोबँक हे नाव गेलेच.

आणि सुरुवातीला हे स्थलांतर अफाट यशस्वी झाले. पहिल्याच हंगामात तळाच्या विभागाचे विजेतेपद मिळाले, २००१ पर्यंत क्लब सर्वोच्च विभागात पोहोचला, २००१-०२ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्सच्या पाठोपाठ तिसरा आला आणि युएफा कपमध्ये खेळला. मार्च २००४ मध्ये त्याने हिबर्नियनला, म्हणजे ज्या एडिंबरात त्याला जागा नव्हती तिथल्याच थोरल्या भावाला, २-० हरवून लीग कप जिंकला. एवढेच वाचले तर आजच सामान बांधावेसे वाटेल. पण तो कप जिंकला त्या दिवशी क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात होता. २००९ मध्ये पुन्हा आर्थिक घोळ झाला आणि त्याला थेट तळाच्या विभागात ढकलण्यात आले. मैदानाची मालकी स्थानिक प्रशासनाची, क्लब त्याचा भाडेकरू. यशाच्या वर्षांत खर्च मोठ्या शहराच्या क्लबांसारखा झाला आणि उत्पन्न लहान गावाचेच राहिले, हे त्या कहाणीचे सार. मात्र हेही नोंदवले पाहिजे की क्लब मेला नाही. तो पुन्हा चढत वर आला, आणि आज त्या गावात वाढलेल्या पिढीला मेडोबँक हे नाव म्हणजे आजोबांच्या वेळची गोष्ट वाटते. रुजायला एक पिढी लागते, ती तिथे लागली.

आता हिशेबाकडे येतो, कारण ‘लहान बाजारपेठ’ हा शब्द सगळे वापरतात आणि ती नेमकी कशाला लहान पडते हे क्वचितच कोणी पाहते. समजा, लहान शहरात दर सामन्याला आठ हजार लोक येतात आणि तिकिटाची सरासरी शंभर रुपये पडते. हंगामात घरचे बारा सामने धरले तर वर्षाचे तिकीट उत्पन्न शहाण्णव लाख रुपये झाले. दुसरीकडे गेल्या काही हंगामांत लीगने ठरवलेली खेळाडूंच्या पगाराची मर्यादाच सोळा ते अठरा कोटी रुपयांच्या घरात होती. म्हणजे प्रत्येक सामना भरून वाहिला तरी तिकिटांतून पगाराचा सोळावा हिस्साही धड सुटत नाही. युरोपात गर्दी हा उत्पन्नाचा आधार असतो. आपल्याकडे गर्दी हा प्रायोजकाला दाखवायचा फोटो असतो, आणि बाकी सगळे मालकाच्या खिशातून जाते. त्यामुळे ‘तिकडे गर्दी जास्त आहे’ हा स्थलांतराचा आर्थिक युक्तिवाद आपल्या देशात जवळजवळ निरर्थक आहे. खरा प्रश्न, तोटा भरणारा माणूस त्या गावात किती वर्षे आणि कशासाठी तोटा भरत राहील, हा आहे.

खर्चाच्या बाजूला लहान शहर एका वेगळ्याच ठिकाणी चावते. विमानतळावरून थेट उड्डाणे कमी असली की प्रत्येक बाहेरगावच्या सामन्याला एक मुक्काम वाढतो. तीस माणसांचा ताफा, माणशी चार हजार रुपये, वर्षात असे बारा दौरे: चौदा लाख चाळीस हजार रुपये झाले, म्हणजे वर सांगितलेल्या तिकीट उत्पन्नाचा जवळजवळ सातवा हिस्सा केवळ त्या एका रात्रीने खाल्ला. शिवाय परदेशी खेळाडूची पत्नी करारावर सही करण्याआधी मुलांची शाळा आणि जवळचे मोठे रुग्णालय विचारते, आणि ते प्रश्न रास्त असतात.

मैदानाबद्दल मी थोडा अधिक बोलेन, कारण माझी सर्वांत जास्त डोकेदुखी तीच झाली. लहान शहर जेव्हा ‘मैदान फुकट देतो’ म्हणते, तेव्हा ते मैदान कोणाचे आणि किती दिवसांचे हे विचारावे. एकदा आमच्या सामन्याला दोन दिवस उरले असताना स्थानिक यंत्रणेने तेच मैदान एका जाहीर कार्यक्रमासाठी देऊन टाकले. मांडववाल्यांनी पेनल्टी क्षेत्रात लोखंडी खुंट्या ठोकल्या, ट्रक थेट गवतावर आणला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही प्रशिक्षकासह दहा-बारा जण हाताने खिळे आणि चहाचे कप वेचत होतो. तक्रार कोणाकडे करायची? करारात ‘उपलब्धतेनुसार’ असा एक शब्द होता, आणि त्या शब्दावर सही माझीच होती. तेव्हापासून मी सांगतो की किमान पंधरा वर्षांचा भाडेपट्टा, सामन्यांच्या आणि सरावाच्या तारखांवर क्लबचा पहिला हक्क, गवताची देखभाल कोणी करायची याचा स्पष्ट उल्लेख, आणि सरकार किंवा महापालिकेतली सत्ता बदलली तरी करार टिकेल अशी तरतूद, एवढे नसेल तर फुकट मैदान हे सर्वांत महाग मैदान असते. परवान्याचे निकष मैदानाच्या बाबतीत काटेकोर असतात, प्रकाशझोतांपासून खेळाडूंच्या खोल्यांपर्यंत, आणि ते पूर्ण करण्याचा खर्च कोण उचलणार हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे.

लहान शहरात मोठा फुटबॉल चालतो याचे भारतातले पुरावे भक्कम आहेत. जमशेदपूरला स्टेडियम टाटांचे, १९८७ पासून चालणारी अकादमी टाटांची, आणि शहरही टाटांनीच वसवलेले. तिथल्या जमशेदपूर एफसीने २०२१-२२ मध्ये साखळी फेरीत अव्वल येऊन लीग शील्ड जिंकली. ऐजॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेण्यात आले, आणि पुढच्याच हंगामात, मुंबई एफसीने सोडलेल्या खालिद जमील यांच्या हाताखाली, जेमतेम तीन लाख वस्तीच्या शहराचा हा क्लब देशाचा विजेता ठरला. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: यांतला कुठलाच क्लब बाहेरून हलवून आणलेला नव्हता.

म्हणून कोल्हापूर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचे शहर, शेजारी इचलकरंजी आणि सांगली-मिरज, छत्रपती घराण्याच्या आश्रयाने वाढलेला खेळ, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर भर दुपारच्या उन्हात भरणाऱ्या गॅलऱ्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कागदावर हे महाराष्ट्रातले फुटबॉलचे पहिले शहर आहे आणि कागद खोटे बोलत नाही.

पण त्या गॅलरीत बसलेला माणूस फुटबॉल पाहायला आलेला आहे असे समजून गुंतवणूक केली तर फसगत होईल. तो आपल्या तालमीचा किंवा मंडळाचा संघ पाहायला आलेला असतो: तो पाटाकडील तालमीचा असतो, खंडोबाचा असतो, दिलबहारचा असतो, शिवाजी तरुण मंडळाचा असतो. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्ष्या हीच तिथली मालमत्ता आहे, आणि ती कोणाला विकत देता येत नाही. बाहेरून आलेला क्लब कुठल्या पेठेचा? कुणाचाच नसेल तर गॅलरी पहिल्या तीन सामन्यांना कुतूहलाने भरेल, आणि पहिल्या सलग पराभवांनंतर लोक आपापल्या तालमीकडे परततील, ज्यात त्यांचे काही चुकलेले नसेल. एखाद्या तालमीचा वाटला, तर उरलेल्या शहराचा तो त्या क्षणी शत्रू झाला. साधा जर्सीचा रंग घ्या: कुठलाही रंग निवडला तरी तो आधीपासून कोणाचा तरी असतो. मी एका कोल्हापुरी मित्राला एकदा विचारले की पुण्याचा क्लब तिथे आणला तर किती लोक येतील. तो म्हणाला, ‘येतील की, हरलेला बघायला.’

तेव्हा कोल्हापुरात क्लब उभा राहावा असे मला मनापासून वाटते, पण तो पुण्यामुंबईचा उतरवलेला नसावा. तरीही एखाद्या मालकाला लीगमधली जागा तिथे न्यायचीच असेल, तर माझा सल्ला उलट्या क्रमाने जाण्याचा आहे. आधी दोन वर्षे अकादमी, तीही तालमींतल्या मुलांना त्यांच्या तालमीकडून खेळण्याची मुभा ठेवून. मग हंगामातले तीन-चार घरचे सामने तिथे. नॉर्थईस्ट युनायटेडने गुवाहाटी न सोडता काही सामने शिलाँगला खेळून हा मार्ग दाखवलेला आहे आणि त्यात कोणाचेही नाव पुसावे लागले नाही. त्या सामन्यांत तिकीट विकूनच प्रवेश द्यावा, भले वीस रुपये असेना, कारण फुकट पासांनी भरलेली गॅलरी काहीच सांगत नाही. पहिल्या सामन्याची गर्दी कोणीही मोजू नये. दुसऱ्या वर्षातल्या, दोन पराभवांनंतरच्या, आडवारी झालेल्या सामन्याची मोजावी. हे सगळे जमले तर क्लबच्या भागभांडवलात स्थानिक संघटना आणि तालमींना असा वाटा द्यावा की त्यांच्या संमतीशिवाय नाव, रंग आणि शहर बदलता येणार नाही. हे कलम ऐकताच बहुतेक मालक उठून जातात. गेले तर बरेच झाले, त्यांना पुढचे शहरही सोडायचेच होते.

कोल्हापूरच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मैदान देताना पाच वर्षांचा चालू खर्च मालकाकडून बँकेत स्वतंत्र ठेव म्हणून घ्यावा, आणि क्लब मुदतीआधी निघून गेला तर ती ठेव अकादमीकडे राहील असे लिहून घ्यावे. आणि जे शहर मागे राहते त्याच्यासाठीही एक कलम असावे. मी ज्या बोलण्यांत बसलो होतो तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत करमाफी, फलक आणि प्रसारण यांवर चर्चा झाली. वसतिगृहात राहणाऱ्या तेरा ते पंधरा वयाच्या मुलांची यादी माझ्या पिशवीत होती. त्यांची शाळा, परीक्षा आणि संघ यांचे काय करायचे, असे मी चहाच्या वेळी विचारले तेव्हा ‘ते बघू’ असे उत्तर मिळाले. त्या मुलांचा हंगाम आणि शालेय वर्ष पूर्ण होईपर्यंत जुन्या शहरातली अकादमी पूर्ण खर्चाने चालू राहील, हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक मसुद्यात पहिल्या पानावर घालतो, आणि ते ज्याला खटकते त्याचा मसुदा मी पुढे वाचत नाही.